चिकटून बसलेला ताप

लग्नकार्यात कुणी "तुम्ही काय करायचात?" असं विचारलं आणि मी "सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये होते" असं सांगितलं, की समोरच्या बाईचा हात आपोआप पदराखाली जातो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, सुई कधीच सुटली, तरी हा परिणाम काही कमी होत नाही. रत्नागिरीच्या आसपासच्या खाडीकाठच्या गावांत मी 'रक्तवाल्या बाई' होते. आई-वडिलांनी हौसेनं ठेवलेलं सुधा हे नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, नोकरीबद्दल लिहा, पण बदल्या आणि बढत्या नकोत. बरं झालं. माझ्या बदल्या लांजा ते रत्नागिरी एवढ्याच आणि बढती एकच, तीही निवृत्तीच्या तोंडावर. लिहिण्यासारखं जे आहे ते सगळं काचेवरचं आहे.

मलेरियाचं रक्त कसं तपासतात ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बोटाच्या टोकाला सुई टोचायची, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि पुढचा काचेच्या पट्टीवर घ्यायचा. पट्टीवर एका बाजूला जाडसर ठिपका ठेवायचा, दुसऱ्या बाजूला रक्त पातळ पसरवायचं. जाड ठिपक्यात किडा आहे की नाही ते समजतं, पातळात त्याची जात कळते. मग वाळवायचं, रंगवायचं, तेलाचा थेंब टाकून सगळ्यात मोठ्या भिंगाखाली धरायचं आणि मान मोडेपर्यंत बघत बसायचं. बस, एवढंच. शाळा सुटलेल्या कुठल्याही शहाण्या माणसाला शिकवता येईल असं काम आहे.

फक्त हे सगळं कोकणात करायचं असतं. रंगाला पाणी जरा आंबटसर लागलं की रंग रुसतो, आणि आमच्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी तसंच. पावसाळ्यात काच वाळत नाही. वाळली तर बुरशी येते. बुरशी आली नाही तर मुंग्या येतात, आणि मुंग्यांना रक्ताचा ठिपका फार आवडतो. एकदा वरच्या कार्यालयातून खरमरीत विचारणा आली की एवढ्या काचा 'मुंग्यांनी खाल्ल्या' म्हणजे काय, ही सबब चालणार नाही. मी एक काच मुंग्यांसकट कागदात गुंडाळून पाठवून दिली. त्यानंतर त्या विषयावर पत्रव्यवहार झाला नाही.

गिऱ्हाईकंही एकेक असायची. रेल्वे नवी नवी सुरू झाली होती, त्यामुळे गणपतीला मुंबईचे चाकरमानी पूर्वीपेक्षा जास्त यायला लागले आणि त्यांच्याबरोबर तापही विनातिकीट येऊ लागला. दीड दिवसाचा गणपती पाण्यात गेला की आमच्या दारात रांग. त्यात एक जण दरवर्षी ठरलेला. ताप नाही, थंडी नाही, पण बोट पुढे. "बाई, वाईच नीट बघा ना, असेल एखादा." त्याला गौरी जाईपर्यंत रजा वाढवून हवी असायची. मी नाही म्हटलं की नाराज होऊन म्हणायचा, "मुंबईत तर लगेच सापडतो." आंब्याचे मोठे बागायतदार असलेले एक गुरवकाका मलेरियाचं रक्त द्यायला कडकडीत उपाशी आले आणि सुई बघताच बाकावर आडवे झाले. त्यांना शुद्धीवर आणून सांगितलं, काका, याला उपाशी राहावं लागत नाही. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की पुढच्या खेपेला साखर तपासायला आले ते भरपेट घावणे खाऊन.

पण एक ताप असा होता की त्याच्यापुढे हसू यायचं नाही. मलेरियाच्या दोन जाती आमच्याकडे यायच्या. एक हाल करते, पण सहसा जिवावर उठत नाही. दुसरीला आम्ही तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं घेऊन पीएफ म्हणायचो आणि लोक 'मेंदूचा मलेरिया' म्हणायचे. ही दुसरी कशी वागते ते मला चिरेखाणीवरच्या एका मजुरानं दाखवलं.

आमच्याकडे घराला जांभ्याचे चिरे लागतात. ते काढून झाले की खाणीत चौकोनी खड्डे उरतात, पावसाचं पाणी साठतं आणि डासांची सोय होते. काम करायला माणसं घाटावरून, कर्नाटकातून येतात आणि खाणीच्या काठावरच झोपड्या घालून राहतात. त्यातल्या बसप्पा नावाच्या मजुराला त्याच्या सोबत्यांनी घोंगडीत घालून आणलं. धिप्पाड माणूस, पण हाक मारली तर डोळा उघडत नव्हता. मी रक्त घेतलं, बघितलं आणि चक्रावले. पीएफ होता, पण अगदी तुरळक. त्याच्या दसपट किडे अंगात घेऊन बसमधून उभ्यानं आलेली माणसं मी पाहिली होती.

आमचे डॉक्टर साळवी तेव्हा नुकतेच बदलून आले होते. मूळचे चिपळूणचे, बोलायला कमी आणि वाचायला फार. मी त्यांना म्हटलं, "सर, एवढ्याशा किड्यांनी माणूस बेशुद्ध कसा पडेल? दुसरं काही असेल."

ते म्हणाले, "तुम्हाला जे दिसताहेत ते अजून लपायचे राहिलेत. बाकीचे लपून झाले."

बसप्पाला औषध चालू केलं, पण फार उशिरा आणला होता. तो दुसऱ्या दिवशी गेला. त्याचे सोबती आवारात उकिडवे बसून होते. त्यांची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्यांना. मी त्यांना चहा पाठवला, एवढंच करू शकले. आजही चिऱ्यांनी भरलेला ट्रक दिसला की मला वाईट वाटतं.

पुढे काही दिवसांनी साळवी सर स्वतः लॅबमध्ये येऊन बसले आणि त्यांनी ते लपणं मला समजावून दिलं. मलेरियाचा किडा रक्तातल्या लाल पेशीत शिरून राहतो, हे मला ठाऊक होतं. पण पीएफचा किडा आत नुसता बसत नाही. तो आत बसून प्रथिनं बनवतो. प्रथिनं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे मटकीची उसळ आली आणि ते मी बोलूनही दाखवलं. सर हसले. म्हणाले, ही खायची नव्हेत, धरायची. किडा ती पेशीच्या बाहेरच्या अंगावर पाठवतो. गुळगुळीत पेशीवर बारीक बारीक उंचवटे येतात आणि त्यांच्यावरच्या प्रथिनांनी ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बसते, वाहत नाही.

"पण धरून बसायचं कशाला?" मी विचारलं.

"प्लीहेच्या भीतीनं. प्लीहा म्हणजे रक्ताची गाळणी. बिघडलेली पेशी तिथून जायला लागली की ती अडकवते आणि संपवते. जी पेशी वाहतच नाही, ती गाळणीपर्यंत पोचणार कशी?"

आणि अशा पेशी मेंदूच्या बारीक वाहिन्यांत चिकटल्या की वाट तुंबते. बसप्पाचं तेच झालं होतं. बोटाच्या रक्तात जे येतं ते वाहतं रक्त. चिकटलेले तिथे येत नाहीत. म्हणजे मी आयुष्यभर वाटेवर उभी राहून येणारे-जाणारे मोजत होते आणि चोर घरात दार लावून बसले होते.

सरांनी एक युक्तीही सांगितली. किडा लाल पेशीतलं लाल द्रव्य खातो आणि त्याचा काळसर तपकिरी कचरा मागे टाकतो. तो कचरा आपल्या पांढऱ्या पेशी गिळतात आणि गिळलेला घेऊन रक्तात हिंडतात. "किडा दिसला नाही, पण माणूस आजारी वाटला, तर पांढऱ्या पेशींच्या पोटात बघत जा." तेव्हापासून मी बघत गेले. बहुतेक वेळा काही नसायचं.

मग हलीमाबी आल्या. दोन हजार एक-दोनचा सुमार असेल.

हलीमाबींना मी आधीपासून ओळखत होते. खाडीच्या तोंडाशी मुसलमान कोळ्यांची वस्ती आहे, तिथल्या त्या. ओहोटीला खडकावर जाऊन कालवं, म्हणजे तिथले खाण्याचे शिंपले, काढायच्या आणि बाजारात विकायच्या. हाताला कायम शिंपल्यांचे ओरखडे, जीभ त्याहून धारदार. माझ्याकडे उधारी कधी ठेवली नाही आणि भावही कधी कमी केला नाही. त्यांची लेक शबाना मुंबईत दिली होती. जावई दुबईला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात सासरच्यांनी तिला आणून घातली होती.

आमच्याकडे, मग घर कुठल्याही धर्माचं असो, पहिलटकरीण माहेरी आली की ती माहेरच्यांच्या गळ्यातली जोखीम असते. पोटातलं पोर सासरचं. नीट झालं तर पेढे तिकडे वाटायचे, वाकडं झालं तर बोल इकडे लागायचा. हलीमाबी लेकीला अंगणातसुद्धा एकटी जाऊ देत नव्हत्या.

शबानाला ताप येत होता आणि जात होता. अंगात रक्त नव्हतं, डोळ्यांच्या आतली कड पांढरीफटक. मी पहिल्यांदा रक्त बघितलं, काही नाही. चार दिवसांनी परत बघितलं, काही नाही. दोन्ही वेळा हलीमाबी "अल्लाची मेहेरबानी" म्हणून लेकीला घेऊन गेल्या. तिसऱ्या खेपेला रिक्षातून उतरवून आणली. नववा लागला होता. पोरगी ग्लानीत होती, विचारलेल्याचं उत्तर द्यायला तिला वेळ लागत होता.

साळवी सरांनी तिला दाखल करून घेतलं आणि मला म्हणाले, "बाई, काच करा. घाई करू नका."

मी जाड ठिपका सगळा बघितला. किडा नाही. पुन्हा बघितला. मग पातळ भागावर पांढऱ्या पेशी शोधत बसले. एका मोठ्या पांढऱ्या पेशीत तपकिरी काळा कण दिसला. वाटलं, रंगाचा गाळ असेल, आमच्या पाण्याचा भरवसा नाही. काच पुढे सरकवली, तर आणखी एकीत. मग आणखी एकीत, दोन-दोन कण. गाळ असता तर तो कुठेही पडला असता, नेमका पांढऱ्या पेशींच्या पोटात गेला नसता.  मी सरांना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "वारेत बसलेत."

वार म्हणजे आईच्या गर्भाशयाला धरून बाळाला पोसणारी ती, जी बाळामागून पडते. गरोदर बाईच्या अंगात पीएफ शिरला की त्याला चिकटायला ही नवी जागा मिळते. वारेवर साखरेच्या जातीचा एक पदार्थ असतो, किड्याचं एक प्रथिन नेमकं तो पदार्थ ओळखून धरतं. सर म्हणाले, हा पदार्थ कळून फार दिवस झाले नाहीत, आणि ते प्रथिन कोणतं याचा शोध चालू आहे. पुढे काही वर्षांत ते सापडल्याचं त्यांनीच मला फोन करून सांगितलं, घरात लग्न ठरल्यासारख्या आवाजात. त्याच्यावर लस करायची खटपट चालू आहे. पहिल्या खेपेच्या बाईच्या शरीरानं हा प्रकार पूर्वी पाहिलेला नसतो, म्हणून तिला धोका जास्त. पुढच्या खेपांना शरीर थोडंफार शहाणं होतं. शरीर शिकू शकतं, म्हणजे त्याला आधीच शिकवूनही ठेवता येईल, अशी आशा आहे. मला ती खरी वाटते.

त्या दिवशी मात्र आमच्या हातात एकच गोष्ट होती, क्विनाईन. त्यानं अंगातली साखर उतरते, म्हणून ग्लुकोजच्या बाटलीतून, साखर तपासत तपासत द्यायचं. सर हलीमाबींना घेऊन लॅबमध्येच आले, कारण वॉर्डात शबाना ऐकत होती.

औषधाचं नाव ऐकल्याबरोबर हलीमाबी उभ्या राहिल्या. "कोयनेल? नाय. पोटुशी बाईला कोयनेल देत नाय."

सर म्हणाले, "दिलं नाही तर दोघंही जातील."

"कसला मलेरिया? ह्या बाईंनीच सांगितलान रक्तात कायपन नाय. दोनदा सांगितलान. आजपन किडा सापडला काय, इचारा त्यांना."

खोटं कसं बोलणार? मी म्हटलं, "आजही सापडला नाही." सरांनी माझ्याकडे बघितलं. माझाच रिपोर्ट माझ्या पुढ्यात आडवा पडला होता.

मी त्यांना स्टुलावर बसवलं. म्हटलं, "हलीमाबी, ओहोटीला खाडीचं पाणी कळशी भरून आणलंत, तर त्यात कालवं मिळतील?"

"पान्यात कशी गावतील? ती खडकाला धरून असतात."

"मग कळशीत नाहीत म्हणून खाडीत कालवं नाहीत, असं म्हणाल?"

त्या माझ्याकडे रोखून बघायला लागल्या. "मी घेतलं ते कळशीतलं पाणी," मी म्हटलं. "हा ताप खडकाला धरून बसलाय. शबानाच्या वारेला. फक्त त्याची घाण तेवढी पाण्यात आलेय, ती मी बघितली."

 त्या म्हणाल्या, "कालवं पन सगळ्या खडकाला धरत नाय. जागा बघून धरतात."

"हेही तसंच," सर म्हणाले. "जागा बघून धरतं."

मला वाटलं, जिंकलो. पण त्यांनी मान हलवली आणि आवाज अगदी खाली आणून बोलायला लागल्या. "डॉक्टर, शबाना माजी पयली नाय. तिच्या आदी एक पोरगा झालेला. मना असाच ताप आलेला, आठवडाभर हटला नाय. मंग कुनीतरी कोयनेलच्या गोळ्या दिल्यान, मी खाल्ल्या. दुसऱ्याच दिशी कळा लागल्या. तो रडलापन नाय. सासू बोलली, गोळ्या खाऊन मारलास. पुढच्या पोरांच्या वक्ताला मी मरनाच्या तापात पन गोळी खाल्ली नाय. आनि आता ह्या माज्या हातानं लेकीला देऊ?"

 मला त्यांच्या हाताला हात लावावासा वाटला, पण मी लावला नाही. सरांनीच हळूच सांगितलं, की कोयनेलची भीती अगदीच उगाच नाही, भलत्या मापात घेतलं तर ते वाईटच, पण ते मोजून, बाटलीतून, सावकाश देणार होते. "ताप मात्र मोजून येत नाही," ते म्हणाले.

हलीमाबी कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवर जाऊन विहिणीशी बोलून आल्या. परत आल्या तेव्हा आणखी खचलेल्या दिसल्या. विहीण भली बाई होती. तिनं सांगितलं होतं, पोरगी तुमच्या हवाली केलेय, तुम्हाला पटेल ते करा. ती नाही म्हणाली असती तर बरं, असं त्यांना वाटलं असणार. आता बोल लावायलाही कुणी उरलं नव्हतं.

त्या सरांकडे गेल्या नाहीत, माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "बाई, तुमची पोरगी असती तर?"

"तर एवढ्यात बाटली लागलेली असती," मी म्हटलं.

"मंग लावा."

बाटली लागली. संध्याकाळी शबानाचा ताप थोडा उतरला. सकाळी ती आईला ओळखून बोलली, पेज प्यायली. मी कामावर आले तेव्हा हलीमाबींनी मला लांबूनच हात केला. आणि दुपारी शबानाला कळा सुरू झाल्या.

मी वऱ्हांड्यात गेले तर हलीमाबी भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसल्या होत्या. मी हाक मारली, त्यांनी वळून बघितलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. कालवांचा भाव पाडून मागितला म्हणून माझ्याशी भांडणारी बाई गप्प बसली होती, आणि तिला 'लावा' म्हणायला मी लावलं होतं. सर म्हणत होते, कळा तापानं लागल्यात, वार निकामी होत आली की पोर लवकर येतं, बाटली लावली नसती तरी हे झालंच असतं. मला ते पटत होतं. पण पटणं माझं होतं, लेक तिची होती. मी लॅबमध्ये येऊन पुसलेल्याच काचा पुन्हा पुसत बसले. देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही, त्यातलं बरंचसं अजून फेडायचं राहिलंय.

ऊन उतरायच्या आत बाळ झालं. मुलगी. एवढीशी, सिस्टरांच्या दोन तळहातांत मावणारी. पहिल्यांदा नुसतं तोंड उघडलंन आणि आवाज आला नाही. सिस्टरांनी पाठ चोळली, नाक साफ केलं, आणि मग मांजराच्या पिल्लासारखा बारीक, पण चांगला तक्रारखोर आवाज आला. शबानाची साखर मध्येच उतरली होती, ती सिस्टरांनी वेळेत पकडली. दोघी होत्या, जिवंत होत्या. मी लॅबच्या दारामागे जाऊन रडून घेतलं.

हलीमाबींनी नातीला बघितलं, कानाशी काही पुटपुटल्या, पण चेहरा सैल पडला नाही. बाळ जगेल की नाही याची धास्ती होतीच, आणि कोयनेलनं केलं हे मनातून गेलं नव्हतं.

आमच्याकडे वार घरी नेऊन पुरायची पद्धत आहे. लोक त्यासाठी मडकं घेऊनच येतात. हलीमाबींचंही मडकं कोपऱ्यात तयार होतं. सरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, वार पडली की काच करा. मी जाऊन विचारलं, "हलीमाबी, पुरायच्या आधी वारेचा नखाएवढा तुकडा घेऊ का?"

"आता तिचं पन रक्त पायजे?" त्या म्हणाल्या. पण मडकं पुढे सरकवलंन.

आईच्या अंगाला चिकटलेल्या बाजूचा तुकडा घेतला, टिपला, काचेला टेकवला, वाळवला, रंगवला. भिंगाखाली धरला आणि मला खुर्ची मागे सरकवावी लागली. इतकी वर्षं काम केलं, पण असं बघितलं नव्हतं. लाल पेशींची दाटी आणि त्यांत काळे ठिपके, इथे, तिथे, जिकडे काच सरकवावी तिकडे. ज्या बाईच्या बोटाच्या रक्तात मला तीन काचांत एक किडा मिळाला नव्हता, तिच्या वारेत पाय ठेवायला जागा नव्हती.

मी सरांना बोलवायच्या आधी हलीमाबींना बोलावलं. हे नियमात बसतं की नाही ते मला माहीत नाही.

एक डोळा तळव्यानं झाकून त्या वाकल्या. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या, सगळ्यांना दिसतात. मग स्थिर झाल्या. "हे काळं काळं?"

"तोच ताप."

"हा कोयनेलनं नाय आला?"

"कोयनेल कालच लागलं. एका दिवसात एवढे जमत नाहीत. हे कितीतरी आठवडे बसलेले आहेत. कोयनेलनं मरायला लागलेत."

त्या डोळा काढेनात. काच सरकवायला सांगितलंन, मी सरकवली. पुन्हा सांगितलंन. मग भिंगाला डोळा तसाच ठेवून म्हणाल्या, "बाई, माज्या वक्ताला कुनी वार बघितली नव्हती."

"नाही बघितली."

"मंग तो कशानं गेला? गोळीनं की ह्यानं?"

'ह्यानं' म्हणून टाकावं असं मला फार वाटलं. पण ही बाई माझ्या 'सापडला नाही'वर दोनदा विश्वास ठेवून गेली होती. मी म्हटलं, "न बघितलेल्या काचेबद्दल मी छातीठोक कसं सांगू, हलीमाबी? पण गोळ्या खायच्या आधी आठवडाभर ताप होता म्हणालात ना? तो आठवडाभर कुठे बसला असेल, ते आता तुम्हीच बघितलंत."

त्यांनी मान वर केली. डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ उठला होता. "येवडी वर्सं," त्या म्हणाल्या. मी या वेळी मात्र त्यांचा हात धरला. 

मग पदरानं तोंड पुसून त्या वॉर्डात गेल्या. मी मागोमाग गेले. शबाना उशीला टेकून बसली होती, बाळ तिच्या छातीशी गुंडाळलेलं. हलीमाबी खाटेच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाय, तुज्या वरती एक भाव होता. युनूस नाव ठेवलेलं मी त्याचं. कुनाला सांगितलं नाय."

 शबाना म्हणाली, "कसा होता गो?"

हलीमाबी सांगायला लागल्या. केस कसे होते, बोटं कशी लांब होती. सांगता सांगता सिस्टर औषधाचा ट्रे घेऊन आल्या. बाटली काढली होती, आता तेच औषध गोळ्यांनी द्यायचं होतं. "कसली?" हलीमाबींनी विचारलं. सिस्टर जरा बिचकल्या आणि म्हणाल्या, "कोयनेल."

हलीमाबींनी हात पुढे करून गोळ्या घेतल्या, आणि स्वतःच्या हातानं लेकीच्या तोंडात घातल्या.